गुरुशांतअण्णांची गडद निळी

समोरच्या माणसाच्या खिशातलं पेन न विचारता काढून घ्यायची गुरुशांतअण्णांना खोड होती. नमस्कार व्हायच्या आधीच त्यांचा हात तुमच्या छातीशी यायचा. टोपण काढायचे, निब उजेडात धरायचे, मग आटा फिरवून पेन उघडायचे आणि आत कुणाचं तरी दुखणं तपासावं तसे पाहत राहायचे. समोर हेडमास्तर आहे की पोस्टमास्तर, याचा त्यांना फरक पडत नसे. एकदा एका नावाजलेल्या वकिलांचं पेन उघडून ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी रोज आंगूळ करता. ह्याला कदी घालणार?" वकील हसले. मला हसू आलं नाही, कारण ते गिऱ्हाईक मी फार खपून आणलेलं होतं.

मी सोलापुरात कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर पेन्सिली आणि पोस्टकार्डं विकून वर आलेला माणूस. माझ्या मागं कुणी नव्हतं, म्हणून भावात मी कुणाला सोडत नव्हतो. पुढं सायकल घेतली, मग एस.टी.चा पास काढला आणि मंद्रूप, करकंब, बार्शी असा गावोगावच्या दुकानांना वह्या, पेनं, शाई पुरवू लागलो. एकोणीसशे सत्तरच्या आसपास कुणीतरी सांगितलं, शुक्रवार पेठेत एक म्हातारा घरी शाई करतो. गेलो. घासाघीस करायच्या तयारीनं गेलो. पुण्याचे कारखानेसुद्धा यापेक्षा स्वस्त देतात, तुमच्या बाटलीला तर नीट बूचही नाही, असं बरंच बोललो.

अण्णांनी भावाबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझं पेन उपसून घेतलं, त्यातली शाई मोरीत ओतली, पाणी निवळ येईतो पेन धुतलं, आपली शाई भरली आणि एक खरबरीत कागद पुढं सरकवला. "ल्ही," म्हणाले. काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "रोज ल्हितोस तेच. झ्याक आक्षर काढू नगंस. घाईत ल्ही."

मी माझ्या गिऱ्हाईकांच्या गावांची नावं खरडली. ओली असताना शाई जवळजवळ काळी दिसत होती. तिसरी ओळ संपेपर्यंत पहिली ओळ सुकून इरकली लुगड्याच्या पोतासारखी गडद निळी झाली होती. जिथं हात थांबला होता तिथं रंग थोडा दाट, जिथं पळाला होता तिथं थोडा फिका. कागद वाण्याच्या पुडीचा असावा तसा होता, तरी अक्षराला कुठं केस फुटलेले नव्हते की मागच्या बाजूला काही उमटलं नव्हतं. मी कागद उलटा-सुलटा केला. "मग भाव?" मी विचारलं. "तू सांगितलास त्यो न्हाय," अण्णा म्हणाले. आणि मी त्यांच्या भावानं माल उचलला. असा प्रसंग माझ्यावर फार थोड्या वेळा आला आहे, आणि मला तो अजून झोंबतो.

अण्णांचं सगळं आयुष्य मिलच्या रंगखान्यात गेलं होतं. चादरीचा, लुगड्याचा रंग कसा टिकतो, उन्हात कसा मरतो, पाण्यात कसा सुटतो, हे त्यांना तिथं कळलं. छातीत दम भरायला लागला तेव्हा मिल सोडली आणि घराच्या मागच्या पडवीत शाई करायला घेतली. त्यांची नखं कायम निळी असत. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणत असू, ती आल्यागेल्याला सांगायची, "मी किस्नासारखा निळा नवरा मागितला हुता. देवानं नखापुरताच दिला." अण्णा यावर कानडीत काहीतरी पुटपुटायचे. ते काय म्हणाले असं मी अव्वांना विचारलं की त्या पदर तोंडाला लावून आत जायच्या.

शाई झाली की लगेच विकायची नाही, हा त्यांचा कायदा होता. प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी केलेली शाई ते कागदावर लिहून बघत, कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकत आणि गच्चीवरच्या दोरीला चिमटे लावून उन्हात टांगत. सोलापूरचं चैत्रातलं ऊन. पेठेतल्या बायका शेवया, पापड वाळवायला यायच्या, तर एका दोरीवर अण्णांचे कागद फडफडत असायचे. पुठ्ठा काढल्यावर झाकलेलं अक्षर आणि उघडं अक्षर सारखं दिसलं तर माल माझ्या हातात पडायचा. नाहीतर तो सगळा घाणा मोरीत. माझी गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, मी आरडाओरडा करतोय, आणि हा माणूस शांतपणे निळा ओघळ बघत उभा. "आईनं धुतल्यावर सदऱ्यावरनं जावी, आन् उनानं कागदावरनं जाऊ नये. शाईनं येवडंच करायचं असतंय," असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला एवढं कुठं कळतंय? ते म्हणायचे, "त्येला कळत न्हाय म्हणूनच आपल्याला कळाया पायजे की."

बहात्तरच्या दुष्काळात नळाला पाणी येईना आणि जे यायचं ते मचूळ. अण्णा लांबच्या विहिरीवरून कळशी आणायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे, निवू द्यायचे. प्यायला पाणी नाही आणि हे शाईला कढ देतात म्हणून अव्वांनी एकदा कळशीच लपवून ठेवली. अण्णा रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांनी शाई केलीच नाही, एवढंच. वाईट पाण्यात शाई करण्यापेक्षा बाटल्या रिकाम्या ठेवल्या. पुढच्या साली कागदाची टंचाई आली, वह्यांचा कागद टिपकागदासारखा यायला लागला. मोठमोठ्या कंपन्यांच्या शाया त्यावर पसरत होत्या. अण्णांनी डिंकाचं आणि ग्लिसरिनचं प्रमाण बदलून बदलून असं काही जमवलं की त्यांचं अक्षर त्या कागदावरही आखीव राहायचं. ग्लिसरिन जास्त झालं तर पावसाळ्यात अक्षर सुकत नाही, पोरांच्या मनगटाला लागतं. कमी झालं तर उन्हाळ्यात टोपण उघडं राहिलं की निब सुकून पहिला शब्द उमटत नाही. "हाताच्या पुढं पळाया नको, हाताच्या मागं रेंगाळाया नको. सोबत चालावी," हे त्यांचं शाईबद्दलचं ठरलेलं वाक्य. बायकोबद्दलही तेच म्हणायचे. त्या दोन-चार वर्षांत माझ्या पट्ट्यातल्या शाळांत दुसरी शाई खपेना. बाटलीवर साधं लेबल, त्यावर फक्त 'गुरुशांतप्पा, गडद निळी'.

आणि मग ती परीक्षा आली.

तेव्हा खेड्यात बाटली विकत घेणारे थोडेच. दुकानदार शाईची बाटली फळीवर ठेवायचा आणि पोरांना पाच पैशांत ड्रॉपरनं पेन भरून द्यायचा. दक्षिणेकडच्या एका मोठ्या गावात माझं असंच एक दुकान होतं. मॅट्रिकच्या पहिल्या पेपरच्या सकाळी शाळेतली निम्मी पोरं त्याच्याकडं पेनं भरून परीक्षेला बसली. पेपर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पेनं अडायला लागली. पोरं झटकत होती, निब जमिनीवर टेकवत होती, कागदावर डाग पडत होते. धीट पोरांनी शेजाऱ्याचं पेन मागून घेतलं. सुलू नावाची एक मुलगी होती, गावातल्या शिंप्याची. ती मागू शकली नाही. पेनशी झुंजत बसून राहिली. त्या एका विषयात ती गेली.

निकालानंतर तिचा बाप ते पेन घेऊन अण्णांच्या दारात आला. मी तिथंच होतो. माणूस भांडायला आलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. त्यानं पेन अण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "तुमची शाई हाय म्हणं. बगा तर काय झालंय." अण्णांनी पेन उघडलं. आत शाई नव्हती, दूध नासल्यासारखा चोथा होता. निबखालच्या जिभेच्या खाचा त्यानं बुजून गेल्या होत्या. अण्णांनी वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय. दुसरी कुठली तरी शाई, कडू वासाची, निळी-काळी, त्यात मिसळलेली होती. दोन जातींच्या शाया एकत्र आल्या की असा गाळ धरतात, हे मीही त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा त्या बापाला म्हणाले, "बाटलीवर नाव माजं हाय. चूक माजी हाय." तो बिचारा पाणी पिऊन गेला. त्याच्या मागून मी अण्णांवर जे ओरडलो ते सगळ्या पेठेनं ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी त्या गावी गेलो. दुकानदार मला चहा मागवत होता, मी सरळ फळीवरची बाटली उचलली. अण्णांचं लेबल, आणि बाटली तोंडापर्यंत भरलेली. महिनाभर पेनं भरून देणाऱ्याची बाटली भरलेली कशी? बाजूलाच शाईच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या, स्वस्तातल्या. मी त्याची गचांडी धरली. त्याला खरंच काही समजलं नाही. म्हणाला, "आवो शेट, बाटली निम्मी झाली की गोळी घालून पाणी वततो. समदेच वतत्यात. निळ्यात निळंच घातलंय न्हवं? दुदात पानी घातल्यावानी. त्येनं काय हुतंय?" मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, दोन माणसांसमोर. हेडमास्तरांपुढं चल म्हणालो, तर म्हणाला, आधी अण्णा काय म्हणत्यात ते बगा.

मी जिंकल्यासारखा परत आलो. वाटलं होतं, अण्णा उठतील, त्या दुकानदाराला शाळेपुढं उभं करतील, आणि शाईवरचा डाग एका दिवसात पुसला जाईल. माझ्या सगळ्या पट्ट्यात तोवर एकच वाक्य फिरत होतं, गुरुशांतची शाई पेन खाते. दुकानं बाटल्या परत करायला लागली होती.

पण अण्णा घरी नव्हते. मी परत येत असताना ते त्याच गावी गेले होते, शिंप्याच्या घरी. नवं पेन घेऊन. मुलीला ऑक्टोबरला पुन्हा बसवा, फी मी भरतो, म्हणून सांगायला. संध्याकाळी परत आले तेव्हा पेन खिशात तसंच होतं. मुलीला पाहून गेले होते, लग्न ठरलं होतं. "ती दारात आलीच न्हाय," अण्णा म्हणाले. "आतनंच म्हणली, आजोबा, मला आता पेन नगं."

मी माझा पुरावा मांडला. गोळ्या, पाणी, दोन साक्षीदार. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "त्येला ठावं नव्हतं."

"ठावं नव्हतं म्हणून सोडायचं? तुमची शाई गटारात चाललीय."

"नामदेवा, रोजची शाई म्हंजे काय? गोरगरिबाच्या हातातली. त्यो पानी घालणार, गोळी घालणार, कालची आन् आजची एकात वतणार. ते सोसत न्हाय ती शाई रोजची न्हवं. माजी शाई माज्या पडवीत चांगली, आन् त्याच्या फळीवर वाईट. मग ती चांगली कशी?"

मी म्हणालो, असं असेल तर जगातली एकही शाई चांगली नाही. ते म्हणाले, "नसंल. मला जगाच्या शाया कुटं इकायच्या हायत?"

हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. मी आयुष्यभर माल विकला आहे. विकणाऱ्यानं माल बिघडवला तर दोष बनवणाऱ्याचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांनी स्वतःचं नाव त्या दुकानदाराला फुकट देऊन टाकलं, आणि सोबत माझी मेहनतही. मी तसं तोंडावर बोललो आणि त्यांच्या दारातून निघून गेलो. नंतर कळलं, ते स्वतः थैली घेऊन गावोगाव फिरले. दुकानातल्या उरलेल्या बाटल्या परत घेतल्या, सगळ्या मोरीत ओतल्या. दमेकरी माणूस, एस.टी.तल्या त्या धुळीत.

बरेच महिने मी तिकडं फिरकलो नाही. दुसऱ्या शाया विकल्या. मग बॉलपेनं आली. आधी शाळा बॉलपेन चालू देत नसत, अक्षर बिघडतं म्हणत. पण हळूहळू तेही सैल झालं, आणि दुकानांच्या फळीवरून बाटल्याच उठायला लागल्या. माझ्या धंद्याला काही कमी पडलं नाही, मी बॉलपेनं विकली. एके दिवशी मंडईत अव्वा भेटल्या. पिशवीत दोनच वांगी होती. मला म्हणाल्या, "तुमचं भांडान त्येंच्याशी हाय. माज्याशी काय हाय?" मी पिशवी घेतली आणि त्यांच्यामागं घरी गेलो.

पडवीत वाट्यांच्या रांगा होत्या. बाजारातली मिळेल ती शाई आणून अण्णा आपल्या गडद निळीत मिसळून बघत होते. कुठल्या वाटीत लगेच गाळ बसे, कुठल्या वाटीत आठवड्यानं. गच्चीवरची दोरी तशीच होती, पण कागदांवर आता एकेक अक्षर नव्हतं, दोन-दोन शायांचे पट्टे होते. मला बघून म्हणाले, "ह्यो नामदेव. माज्यावर रागावल्याला." आणि माझ्या खिशाला हात घातला. खिशात बॉलपेन होतं. ते त्यांनी काढलं, उघडायला गेले, उघडण्यासारखं काही सापडलं नाही, आणि परत खिशात ठेवून दिलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्या मिसळणाऱ्या शाईच्या मागं त्यांची शेवटची वर्षं गेली. जमलं नाही. एक जमल्यासारखी वाटली होती, पण ती उन्हात विटली. उन्हात टिकणारी केली, तर ती धुतल्यावर सदऱ्यावरून जाईना. "एक धरलं की दुसरं सुटतंय," म्हणायचे. अधूनमधून विचारायचे, "शिंप्याच्या पोरीचं कसं हाय?" मी त्या गावी जातच होतो. पहिल्या खेपेला सांगितलं, बरं आहे. दुसऱ्या खेपेला सांगितलं, मुलगा झाला. ती सासरी शिवणाचं मशीन चालवते, हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "हुशार हुती म्हणं." त्यापुढं ते कधी गेले नाहीत आणि मीही गेलो नाही.

एकोणऐंशीच्या थंडीत दम्यानं उचल खाल्ली. पडवीतच त्यांचं अंथरूण होतं. मी दुपारचा जाऊन बसायचो. एकदा न राहवून म्हणालो, अण्णा, आता तरी मला बोलू द्या. हेडमास्तर अजून आहेत, ते दोन साक्षीदार आहेत. त्या दुकानदाराचं नाव घेऊन सगळ्यांना सांगतो. तुमच्यामागं तुमच्या शाईला कुणी वाईट म्हणू नये.

अण्णांना एका दमात बोलता येत नव्हतं. "त्येचं नाव घिऊ नगंस," म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "त्येला बी पोरी हायत. गाव त्येंना नाव ठिवंल. बेडप्पा." म्हणजे कानडीत, नको रे बाबा. मग माझ्याकडं बघत राहिले, मी शब्द देईपर्यंत. मी दिला. कुरकुरत दिला, पण दिला.

चार-पाच दिवसांनी ते गेले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बसवून सजवलेलं त्यांचं शरीर रुद्रभूमीकडं, लिंगायतांच्या दफनभूमीकडं निघालं तेव्हा पेठेतली माणसं होती, रंगखान्यातले दोन-तीन म्हातारे होते. आणि तो दुकानदारही आला होता. बाजाराला सोलापुरात आला होता, ऐकलं, म्हणून आला. माती देऊन झाल्यावर तो माझ्या शेजारीच हात झटकत उभा होता. शेजारून जाणाऱ्या कुणीतरी त्याला विचारलं, कोण गेलं हो? तो हळहळून म्हणाला, "लई भला मानूस. शाई करायचे. पर शाई काय जमली न्हाय त्येंना. आमच्या पोरांची पेनं अडली."

त्यानं हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. तो ते विसरला होता, किंवा त्याला ते कधी समजलंच नव्हतं. माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, त्यात अजून ओली माती होती. त्या मातीची शपथ घेऊन सांगतो, दुसऱ्या कुणासाठी मी गप्प बसलो नसतो. रुद्रभूमीतून बाहेर पडून चालत राहिलो. स्टेशनपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की घर उलट्या बाजूला आहे.

त्या दुकानदाराचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही, गावाचंही नाही. अण्णांना शब्द दिला आहे. पण गुरुशांतप्पांची शाई चांगली होती. घाईत लिहिलं तरी सोबत चालायची, सोलापूरच्या उन्हात विटत नव्हती, वाईट कागदावर फुटत नव्हती. ती अडली ती त्यांच्या हातून नाही. एवढं लिहायला त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं.